मीरासाहेबांचा सरावाचा कागद

दिघीच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवते, तिथे इमारतीच्या मागे सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान आहे. मैदान होतं म्हणून संघ झाला. माझा स्वतःचा खेळ खो-खो. सुरुवातीची काही वर्षं मी मुलींच्या हातात बॉल द्यायची आणि शिट्टी तोंडात धरून बाजूला उभी राहायची. एकदा एक माणूस कुंपणाबाहेर स्कूटर लावून बराच वेळ बघत उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "मॅडम, रागावू नका, पण ह्या पोरींना बॉल धरायला कुनी शिकवलंच न्हाई का?"

"मलाच कोणी शिकवलेलं नाही," मी म्हणाले.

ते मीरासाहेब मुलाणी. दिघीच्या जुन्या गावठाणातले. चाकणला एका कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग तपासायचं त्यांचं काम. तरुणपणी ते कंपनीच्या संघातून खेळायचे. केरळच्या एका साहेबांनी त्यांना हा खेळ शिकवला होता. दुसऱ्या दिवसापासून ते यायला लागले, आणि येतच राहिले. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने यायचे, सव्वापाचला मैदानावर हजर. त्यांची मुलगी कशफ तेव्हा आमच्याच शाळेत पाचवीत होती. ती बापाच्या मागोमाग आली, ती खेळातच राहिली. दहावीला येईपर्यंत ती आमची पॉइंट गार्ड झाली होती, म्हणजे बॉल वर घेऊन येणारी, कुणी कुठे जायचं ते ओरडून सांगणारी. मैदानावर ती बापाला 'सर' म्हणायची. घरी अब्बा.

मीरासाहेब सरावाचा कागद लिहायचे. कंपनीतल्या तपासणीच्या रद्दी फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीने. चाकणहून निघालेली बस मोशीच्या गर्दीत हमखास अडकते. तो त्यांचा लिहायचा वेळ. मैदानावर आले की कागद रिंगच्या खांबाला चिकटपट्टीने लावायचे. डाव्या बाजूला मिनिटं, उजव्या बाजूला काय करायचं ते.

मला त्यांनी पहिल्याच वर्षी समजावलं होतं. "मॅडम, जून-जुलैत शिकवायचं. एकदा मॅचेस सुरू झाल्या की नवीन काय बी न्हाई. जे येतंय ते पक्कं करायचं." आमच्या भागातल्या आठ शाळांची साखळी स्पर्धा पावसाळ्यात असते, दर शनिवारी एक सामना. त्या दिवसांत त्यांचा सराव ऐंशी मिनिटांच्या वर कधी जायचा नाही. आधी बॉल घेऊनच अंग मोकळं करायचं, नुसतं धावणं नाही. मग गेल्या शनिवारी जिथे चुकलो तेवढं एकच. मग पुढच्या शनिवारच्या संघाला काय येतं, त्याच्यावर थोडं. मग पाचजणी विरुद्ध पाचजणी खेळ, आणि त्यात बाकावर बसणाऱ्या मुलींनाही पुरता वाटा. आणि शेवटी, मुली दमलेल्या असताना, फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवरून एकटीने मारायचा बॉल. "मॅचमध्ये फ्री थ्रो दमल्यावरच मिळतो," ते म्हणायचे. "ताज्या हातानं मारून काय उपेग?" सोमवारी हलकं, मंगळवार-बुधवारी भरपूर, शुक्रवारी पाऊण तास, आणि घरी जा, झोपा.

गेल्या वर्षी आमचा संघ चांगला होता. तिसऱ्या सामन्यापर्यंत आम्ही दोन जिंकले होते. त्याच्या पुढच्या सोमवारी मीरासाहेबांचा फोन आला, घरात ताप आहे, दोन दिवस येत नाही. त्यांच्या बायकोला, बेगमला डेंगी झाला होता. बुधवारी प्लेटलेट्स उतरल्या. गुरुवारी दुपारी त्या गेल्या. बेचाळीस वर्षांची बाई. सामन्याला यायची तेव्हा पोरींसाठी डबाभर चिरलेले पेरू आणायची, मीठ-तिखट लावून.

मी मातीला गेले होते. बायकांच्यात बसले. कशफ भिंतीला टेकून बसली होती, अंगावर तिची शाळेची ओढणी. कुणीतरी तिला जवळ ओढून रडत होतं, आणि ती त्या बाईच्या पाठीवर हात फिरवत होती, जणू त्या बाईचीच आई गेली होती. निघताना दारात मीरासाहेब भेटले. "शनिवारी कुनाशी हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"त्यांची ती उंच पोरगी डाव्या हातानं मारती. तेजस्विनीला सांगा."

शनिवारी मी संघ घेऊन गेले. समोरच्या उंच मुलींना अडवायचं काम तेजस्विनीचं, तिला सांगितलं. वीस गुणांनी हरलो. त्यानंतर गणपतीमुळे दोन शनिवार सामने नव्हते.

अकराव्या दिवशी, सोमवारी, सव्वापाचला मीरासाहेब मैदानावर उभे होते. हातात कागद. शेजारी कशफ, बुटाच्या नाड्या बांधत. मी धावत गेले. "सर, एवढी घाई कशाला? शाळेला सुट्टी आहे. अजून थोडे दिवस घरी…"

"घरी पाहुणे हायेत मॅडम. हिची खाला, म्हंजी मावशी बी हाय. समदी रडत्यात. त्यांच्यात बसायला मला जागाच सापडंना." हे त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मग कागद खांबाला लावला.

तो कागद मी वाचला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते लगेच कळलं नाही. अक्षर तेच, पेन्सिल तीच. पण मिनिटांची रांग खालपर्यंत गेली होती आणि मग कागदाच्या मागे वळली होती. तीन मिनिटं हे, चार मिनिटं ते, दोन मिनिटं ते. पूर्ण दोन तास. मधे एकही रिकामी ओळ नव्हती.

त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि पुढेही तसाच सराव झाला. मीरासाहेब ओरडत नव्हते. पूर्वी ओरडायचे, हसायचे, एखादीचा पास वाया गेला तर डोक्याला हात लावून गोल फिरायचे. आता घड्याळाकडे बघून शिट्टी वाजवायचे, कागदावरची पुढची ओळ वाचायचे आणि परत घड्याळाकडे बघायचे. ठरलेल्या मिनिटाच्या पुढे एक सेकंद नाही. चाकणच्या त्यांच्या कंपनीत पट्ट्यावरून भाग जसा एकामागून एक येतो, तशा मुली त्यांच्या समोरून जात होत्या. एखादी पडली तर ते थांबायचे, ती उठली की पुढे.

कशफ सगळं बरोबर करत होती. पाय बरोबर, हात बरोबर, बॉल जिथे जायचा तिथे. फक्त तिचा आवाज बंद झाला होता. पूर्वी ती ओरडायला लागली की पलीकडच्या लष्कराच्या भिंतीवर आवाज आपटून परत यायचा. आता ती बॉल घेऊन वर यायची, कुणाकडे तरी बघायची आणि पास द्यायची. पोरींना कळायचं नाही पास आपल्याला येतोय की नाही. पण तिला कोण काय बोलणार? आई गेलेल्या मुलीला 'ओरड' कसं म्हणायचं?

मी कधी कधी तिच्या शेजारी बसायची. "जेवतेस ना?" विचारायची. "हो मॅडम." "झोप लागते?" "लागते." सगळ्याला हो. चेहऱ्यावर काही नाही, वाईटही नाही.

पाचव्या सामन्यात आमच्या मुली चार डावांपैकी पहिले तीन पुढे होत्या. चौथ्यात त्यांचे पाय गेले. समोरच्या संघाने आमच्या बाजूपर्यंत अंगावर येऊन दाबायला सुरुवात केली आणि आमच्या पाचजणी पाच ठिकाणी गप्प उभ्या राहिल्या. तेजस्विनीच्या पोटरीत गोळा आला, तिला उचलून बाहेर आणावं लागलं. नऊ गुणांनी हरलो. मीरासाहेबांनी मुलींशी हात मिळवले, पाण्याच्या बाटल्या मोजून पिशवीत भरल्या आणि बसमध्ये पुढच्या सीटवर बसून पेन्सिल काढली.

त्या संध्याकाळी तेजस्विनीची आई माझ्या घरी आली. "मॅडम, पोरगी जेवता जेवता ताटावर झोपते. मुलाणी सरांना मी काही म्हणत नाही, त्यांच्यावर काय वेळ आलीय. पण तुम्ही बोला." मी म्हटलं, बोलते. सोमवार गेला, मी बोलले नाही. तोंड उघडायची आणि त्यांचं ते शांत तोंड दिसलं की दुसरंच काहीतरी विचारायची.

मंगळवारी ले-अपचा, म्हणजे धावत जाऊन रिंगखालून बॉल टाकायचा सराव चालू होता. दोन रांगा, एक मारते, दुसरी परतलेला बॉल धरते. तासाच्या वर होऊन गेला होता. कशफची पाळी आली. ती बॉल घेऊन निघाली, फ्री थ्रोच्या रेषेपाशी आली आणि खाली बसली. पडली नाही. कुणी घरी जमिनीवर बसावं तशी मांडी घालून बसली, बॉल मांडीत घेऊन.

सगळ्या थांबल्या. मीरासाहेबांनी घड्याळ बघितलं. "चार मिनिटं राह्यलीत," ते म्हणाले.

ती हलली नाही.

तेवढ्यात लोहगावहून उडालेलं विमान डोक्यावरून गेलं. ते गेलं की आमच्याकडे कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे असतील तिथे थांबतात. तो आवाज विरेपर्यंत बाप उभा आणि मुलगी बसलेली, मधे दहा पावलांचं अंतर. मग मी मुलींना म्हटलं, "चला गं, पाणी प्या." त्या अशा पळाल्या की मला लाज वाटली. मी बॉलची जाळी उचलायला म्हणून तिथेच रेंगाळले.

"उठ," मीरासाहेब म्हणाले.

"उठते," कशफ म्हणाली. पण उठली नाही.

"कुठं दुखतंय?"

"कुठंच न्हाई."

ते तिच्याजवळ गेले. शिट्टी गळ्यात नुसतीच हलत होती.

"अब्बा," ती म्हणाली. मैदानावर मी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. "मला काहीच होत न्हाई. अम्मी गेली तवापासून. रडू पन येत न्हाई. खाला सारखी माझ्याकडं बघती. मला वाटतं ती मनात म्हनत असंल, कशी पोरगी हाय ही."

 मीरासाहेब गुडघ्यावर हात ठेवून, म्हातारा माणूस बसतो तसे, तिच्या शेजारी सिमेंटवर बसले.

"मला बी न्हाई येत," ते म्हणाले.

"खरंच?"

"व्हय. कबरस्तानात बी न्हाई. मी म्हनलं, घरी गेल्यावर येईल. घरी गेलो तर कपाटाला तिची चावी लावलेली व्हती, ती बघितली, तरी न्हाई. मग मी कागदच लिहीत बसलो. लिहिताना निदान पुढं काय करायचं ते ठाऊक असतंय."

"मग आपण दोघं वाईट हाय का?"

"म्हाईत न्हाई, बेटा."

दोघं तसेच बसून राहिले. कशफने बॉल त्यांच्याकडे ढकलला, त्यांनी परत तिच्याकडे. दोन-तीनदा. नळापाशी मुली बाटल्या हातात धरून बघत होत्या. मीरासाहेबांचं लक्ष तिकडे गेलं. त्यांनी वळून खांबावरच्या कागदाकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "मॅडम, ह्याच्यावर पान्याचं लिवलंच न्हाई की मी."

"नाही सर. दोन आठवडे नाही लिहिलं."

"तुमी बोलला न्हाई ते?"

मग मी बोलले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताटावर झोपणारी तेजस्विनी, पोटरीतला गोळा, चौथ्या डावात गेलेले पाय. हेही सांगितलं की दोन तासांचा सराव त्यांनीच मला चूक म्हणून शिकवला होता. बोलता बोलता माझाच आवाज चढला. ते ऐकत राहिले. रागावले नाहीत, वाईट वाटल्यासारखंही दिसले नाहीत. खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "तुमी खोडा. मला आता कळंना झालंय काय ठेवायचं."

मी खांबाला टेकून कागद खोडायला लागले. नुसतं धावण्याच्या चार ओळी काढल्या. मागची बाजू पूर्ण काढली. मधे दोन ठिकाणी 'पाणी' लिहिलं. ते बघत होते. एका ठिकाणी म्हणाले, "न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. दाबायला आल्यावर बॉल कसा सोडवायचा ते पायजेच." तेव्हा मला जरा बरं वाटलं. माणूस पूर्ण गेलेला नव्हता.

बुधवारी त्यांनी मुलींना गोलात बसवलं आणि विचारलं, "शनिवारी आपन कशानं हरलो?" पूर्वी हा प्रश्न ते नेहमी विचारायचे, या वेळी बऱ्याच दिवसांनी विचारला.  शेवटी रुपाली बोलली. रुपाली बाकावरची, सामन्यात तिला पाच मिनिटं मिळतात, पण बाकावरून तिला सगळं दिसतं. "सर, आपण कुणी कुणाला हाकच मारत नव्हतो."

कशफने मान खाली घातली. बाकीच्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं.

"बरोबर हाय," मीरासाहेब म्हणाले. "आज धा मिनिटं खेळ. नियम एकच. जिला पास द्यायचा तिचं नाव घ्यायचं. नाव ऐकू आलं न्हाई तर तिनं बॉल धरायचा न्हाई."

खेळ सुरू झाला. बाकीच्या ओरडायला लागल्या. कशफ बॉल घेऊन वर आली, ओठ हलले, पास रुपालीकडे गेला. रुपालीने हात मागे घेतले. बॉल भिंतीवर जाऊन आपटला. "ऐकू नाही आलं," रुपाली म्हणाली. तिचं तोंड रडवेलं झालं होतं, पण हात तिने मागेच ठेवले होते.

दुसऱ्यांदाही बॉल भिंतीवर. तिसऱ्यांदाही. मी मीरासाहेबांकडे बघितलं, आता तरी शिट्टी वाजवतील म्हणून. त्यांनी वाजवली नाही. चौथ्यांदा कशफच्या तोंडून "रुपाली" निघालं. घसा बसलेल्या माणसासारखं, अर्धं. रुपालीने बॉल धरला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, खेळ पुढे चालू राहिला. दहा मिनिटांत कशफने सात-आठ नावं घेतली असतील. पूर्वीसारखी नव्हे, हजेरी घ्यावी तशी.

पुढचा एकही सराव सव्वा तासाच्या वर गेला नाही. सोमवारी नुसते फ्री थ्रो आणि बोलणं. शुक्रवारी पाऊण तास. मीरासाहेब अजूनही घड्याळ बघायचे, पण कागदावर आता खाली कोरी जागा राहायची. एकदा मी त्यांना विचारलं, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये आता काय करता? "खिडकीतनं बघतो," ते म्हणाले. "ट्रक बघतो. काय बी वाटत न्हाई, पन बघतो."

सहावा सामना आम्ही जिंकलो. सातवा दोन गुणांनी जिंकला. साखळीत चौथे आलो, म्हणून उपांत्य फेरीत पहिल्या नंबरच्या संघाशी गाठ पडली. त्या मुली आमच्यापेक्षा बऱ्याच उंच होत्या. चौथ्या डावात त्या दाबायला आल्या तेव्हा आमच्या पाचजणी विखुरल्या नाहीत. कशफ नावं घेत होती. तेजस्विनी, उत्कर्षा, परत तेजस्विनी. बॉल पुढे जात होता. तरी सहा गुणांनी हरलो. रुपालीला शेवटची सहा मिनिटं मिळाली, तिने एक बास्केट केली. परतीच्या बसमध्ये भोसरीला कुणीतरी वडापाव घेऊ म्हणालं आणि गोंधळ सुरू झाला. बापलेक पुढच्या सीटवर होते. कशफ खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मीरासाहेबांनी तिच्या डोक्याखाली आपली पिशवी सरकवली, काचेचा हादरा लागू नये म्हणून.

सीझन संपला तरी ते येत राहिले. आठवड्यातून दोनदा. धाकट्या मुलींना पास धरायला शिकवायचे. डिसेंबरात एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, परवा कशफ रडली."

"काय झालं?"

"काय न्हाई. भाकरी करत व्हती. तिसरी भाकरी फुगली न्हाई, आन् ती रडाय लागली. लई वेळ रडली. तवा तापून लाल झाला, मी गॅस बंद केला आन् तिच्यापशी बसलो."

"आणि तुम्ही?"

त्यांनी मान हलवली. "मला न्हाई अजून." मग मैदानाकडे बघत म्हणाले, "पन तिचं रडून झालं, हे बरं झालं."

त्यांचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारत नाही. ते कामावर जातात, बसने येतात, सव्वापाचला मैदानावर असतात. परवा धाकट्यांच्या संघातली एक मुलगी उलट्या बाजूला बॉल घेऊन पळाली आणि आपल्याच टोपलीत टाकून नाचायला लागली. मीरासाहेबांनी डोक्याला हात लावला. गोल फिरले नाहीत. हात लावून तसेच उभे राहिले, आणि तिचा नाच संपेपर्यंत त्यांनी शिट्टी वाजवली नाही. कशफ आता आकुर्डीच्या कॉलेजात अकरावीला आहे, तिथल्या संघात खेळते. तिचे सामने शनिवारीच असतात. ते बघायला जातात, मागच्या पायरीवर बसतात, आणि तिथल्या कोचला काही सांगत नाहीत.